मास्तरांच्या कंबरेची मोहीम

प्रथम एक बारीक गोष्ट नमूद करणे जरूर. मास्तरांच्या गाडीच्या छतास कड होती, आणि त्या कडेवर, चालकाशेजारच्या दाराच्या बरोबर वरती, पंज्याएवढी जागा रंग उडून गुळगुळीत जाहली होती. चार बोटांच्या खुणा वेगवेगळ्या ओळखू येत, अंगठ्याची किंचित खाली. चालकाच्या दारावर ऐसी खूण नव्हती. तेथील रंग कारखान्यातून आला तैसाच शाबूत होता. ही खूण घरच्यांनी रोज पाहिली आणि तिचा अर्थ कोणीही विचारिला नाही. पुढे जो घोळ माजला तो या गफलतीतून माजला, सबब ती आरंभीच दाखल केली असे.

पृथ्वीवर मोहिमा बहुत जाहल्या. किल्ले पडले, तख्ते उलथली, आणि त्यांच्या हकिकती लिहिणारेही उदंड जाहले. परंतु एका गृहस्थाने आपल्या कंबरेस मानवेल ऐसी गाडी कोण्या सायासाने निवडिली, ही हकिकत कोणी लिहिली नाही. ती जैसी घडली तैसी येथे लिहिली असे. पदरचा मीठमसाला काही घातला नाही.

मास्तर म्हणजे कोण, तर मोटार चालविण्याची तालीम देणाऱ्या शाळेचे धनी, शिक्षक व शिपाई. तिन्ही हुद्दे एकट्याकडे. शाळा म्हणजे एक खोली, एक टेबल, भिंतीवर रहदारीच्या खुणांचा तक्ता, आणि दाराबाहेर उभी ती गाडी. तीत शेजारच्या बैठकीपुढेही एक ब्रेक बसविला होता, की नवशिक्याने घाबरून भलतेच केले तर मास्तरांनी शेजारून तो दाबावा आणि दोघांचे प्राण राखावे. या रीतीने त्यांनी अर्ध्या गावास रस्त्यावर आणिले, आणि कोणी विचारिले तर "सगळं आयुष्य स्टिअरिंगवर गेलं माझं" ऐसे अभिमानाने सांगत. हे वाक्य इतक्या वेळा बोलिले की त्यांस खरे वाटू लागले, आणि घरच्यांसही.

ऐसे असता मास्तरांच्या कंबरेने बंड केले. आधी सकाळी कुरकुर, मग दुपारी कळ, मग गाडीतून उतरताना ऐसी उसण की मास्तर अर्धे आत आणि अर्धे बाहेर, कमानीसारखे उभे राहात, आणि येणारेजाणारे नमस्कार करीत, आणि मास्तर तैसेच वाकोन नमस्कार घेत. बाईसाहेबांनी, म्हणजे मास्तरांच्या कुटुंबाने, शेक दिला. मग गादी बदलिली, मग चपला बदलिल्या, आणि बंड काही मोडेना. तेव्हा हाडांच्या डॉक्टरांचे दरबारी रुजू होणे भाग पडिले. डॉक्टरांनी मास्तरांस उताणे पाडिले, पालथे पाडिले, पाय उचलोन पाहिले, आणि फर्मान काढिले की, मणका अद्याप शाबूत आहे, परंतु ही बैठक त्यास खाते आहे. वर्ष सरायच्या आत गाडी बदलावी, अथवा धंदा बदलावा. तिसरा मार्ग नाही.

मास्तर हे फर्मान घेऊन घरी आले. धंदा बदलावा म्हणजे काय करावे? माणसाच्या हातापायांतली भीती काढून टाकणे, एवढी एकच विद्या त्यांजपाशी होती, आणि ती विद्या टेबलामागे बसोन देता येत नाही. त्या दिवशी ते जेवले कमी आणि रहदारीच्या तक्त्यापुढे उभे राहिले फार.

मग स्वयंपाकघरात खलबत बसले. बाईसाहेब सोफ्यांचे गिलाफ शिवून देत, सबब टेप त्यांच्या गळ्यात सदैव असे. दुसरे मसलतगार बाईसाहेबांचे बंधू. हे नळाच्या सामानाचे दुकान चालवीत आणि मोटारींविषयी सर्व जाणत, निदान कोणी न विचारता सांगत. बंधूंनी आरंभीच जाहीर केले:

"दाजी, आता माझ्यावर सोडा. सीट अशी बघतो की तुम्ही उतरायचं नाव काढणार नाही."

"उतरता येत नाही हेच तर दुखणं आहे," बाईसाहेब बोलिल्या.

"ताई, तू मापं घे. डोकं मी चालवतो."

"बरं. मापं तरी बरोबर येतील."

या मसलतीत एका गाडीचे नाव कोणी काढिले नाही, आणि ते न काढण्याचे कारण जुने होते. लग्नानंतर थोडक्याच काळाने बाईसाहेबांनी गाडी शिकण्याचे मनावर घेतले, आणि मास्तर खासे शेजारी बसले, आणि स्वारी निघाली, आणि दुसऱ्याच वळणावर थांबली. "अगं क्लच!" ऐसे मास्तर बोलिले. "ओरडू नका," ऐसे बाईसाहेब बोलिल्या. "ओरडत नाहीये, सांगतोय." "मग हेच हळू सांगा." "हळू सांगेपर्यंत भिंत आली असती!" यावर बाईसाहेबांनी गाडी बंद करोन किल्ली मास्तरांच्या हाती ठेविली आणि पायी घरास गेल्या. पुढे त्यांनी पलीकडच्या चौकातील शाळेत, म्हणजे थेट शत्रूच्या गोटात, नाव घातले आणि पहिल्याच परीक्षेत परवाना मिळविला. त्या शाळेची गाडी उंच, चौकोनी, उभट पाठीची. तिला मास्तर डबा म्हणत. आपल्या शागिर्दांसमक्ष त्यांनी प्रतिज्ञा केली होती की, "त्या डब्यात बसण्यापेक्षा मी रस्त्यानं चालत शिकवीन!" शागिर्द हसले होते, आणि प्रतिज्ञा गावभर जाहली होती. सबब डब्याचे नाव घरात वर्ज्य.

मग मोहीम निघाली. पुढे बंधू, मध्ये मास्तर, पिछाडीस बाईसाहेब टेप घेऊन. पहिल्या दुकानी एक लांब, ठेंगणी, चकचकीत गाडी होती. मास्तर चालकाच्या बैठकीत उतरले, म्हणजे खरेच उतरले, विहिरीत उतरावे तैसे, आणि बाहेर काढण्यास दोन विक्रेते लागिले. त्यांतला एक म्हणाला, "काका, सवय होईल." मास्तर बोलिले, "तुम्ही दोघं रोज याल का?" आणि ती गाडी बाद जाहली. दुसऱ्या दुकानी बैठक इतकी मऊ की बाईसाहेबांनी मुठीने दाबोन पाहिले आणि निकाल दिला की, हा फोम सहा महिन्यांत बसेल, आणि मास्तरांस घेऊन बसेल. तीही बाद.

तिसऱ्या दुकानी मात्र सिंहासन सापडले. चालकाची बैठक आठ तऱ्हांनी हाले, बटणासरशी वर जाई, बटणासरशी मागे रेले, आणि कंबरेच्या ठायी आत एक पिशवी, ती हवेने फुगोन पाठीस आधार देई. बाईसाहेबांनी गुडघ्यापासोन जमिनीपर्यंत माप घेतले, कंबरेपासोन खांद्यापर्यंत घेतले, आणि सर्व मापे जुळली. मास्तरांनी स्टिअरिंगवर हात ठेवोन डोळे मिटिले, आणि त्यांच्या मुखावर बहुत दिवसांनी सुख दिसले. बंधूंनी विजय जाहीर केला. विक्रेत्याने पेढीवरील खुर्च्या पुसून ठेविल्या.

इतक्यात विक्रेता रिवाजाप्रमाणे बोलिला, "मॅडमना पण एक फेरी मारू द्या की. घरची गाडी आहे."

नाही म्हणावे तर बंधू आणि विक्रेता समक्ष; हो म्हणावे तर जुनी जखम. मास्तरांनी हो म्हटले. मग बाईसाहेब चालकाच्या बैठकीत बसल्या, बंधू व विक्रेता मागे बसले, आणि मास्तरांस एकच जागा उरली, ती शेजारची. ते तेथे बसले आणि गाडी निघाली.

बाईसाहेबांनी गाडी उत्तम चालविली. परंतु पहिले वळण येताच मास्तरांचा पाय ब्रेक शोधू लागला. या गाडीत तेथे ब्रेक कोठला? तरी पाय दाबी. दुसरे वळण आले, पाय दाबी आणि मान आरशाकडे वळे आणि कंबर तिसरीकडेच जाई. एक सायकलवाला आडवा आला, आणि मास्तरांनी ऐसा पाय रोविला की मागे बसलेला विक्रेता दचकला.

"अहो, काय करताय?" बाईसाहेब बोलिल्या.

"ब्रेक मारतोय."

"कुठाय ब्रेक?"

"नाहीये."

"मग?"

"सवय," ऐसे मास्तर बोलिले, आणि तेच क्षणी उसण भरली, आणि तोंडातून जो शब्द निघाला तो येथे लिहिण्याजोगा नाही.

बाईसाहेबांनी गाडी कडेस घेतली, थांबविली, हात मांडीवर ठेविले, आणि रस्त्याकडे पाहात विचारिले, "अहो, तुम्ही दिवसभर बसता कुठे?"

मागून बंधू बोलिले, "कुठे म्हणजे? स्टिअरिंग..." आणि तेथेच थांबले.

इतक्या मसलती जाहल्या, इतकी मापे घेतली, सिंहासनाच्या आठ तऱ्हा पाहिल्या, परंतु हा सवाल कोणी केला नव्हता. मास्तरांनी तर कधीच नाही. स्टिअरिंगवर आयुष्य गेलेला पुरुष तो सवाल कैसा करील? बाईसाहेब हळू बोलिल्या, "छतावर तुमचा पंजा उमटलाय. कुठल्या दारावर? रोज बघतेय मी, आणि माप घेत बसले भलत्याच खुर्चीचं."

मग बाईसाहेबांनी विक्रेत्यास पुसले की, ही शेजारची बैठक किती तऱ्हांनी हालते? तो बोलिला, "पुढं-मागं." "आणि वर?" "वर नाही. ते ड्रायव्हरलाच." "आणि ती हवेची पिशवी?" "तीपण ड्रायव्हरलाच." मास्तर बोलिले, "म्हणजे सिंहासनावर शिकाऊ बसणार, आणि मी पाटावर." येणेप्रमाणे तिसरी गाडी हातची गेली.

विक्रेता परका होता, त्यास प्रतिज्ञा ठाऊक नव्हती. सबब तो निष्पापपणे बोलिला, "पुढच्या दोन्ही सीट उंच आणि वरखाली होणाऱ्या पाहिजेत ना? मग आमच्याकडं एकच आहे. मागं उभी आहे, ती चौकोनी." बंधू खिडकीबाहेर पाहू लागले. बाईसाहेब टेप गुंडाळू लागल्या. मास्तर बोलिले, "बघू सवडीनं," आणि फौज रिकाम्या हाताने परतली.

सवड काही होईना. मास्तर रोज सकाळी बघू म्हणत आणि रोज सायंकाळी वाकडे होऊन येत, आणि घरात सर्व विषयांवर बोलणे होई, त्या विषयावर होत नसे. बंधूंनी एकदा जेवताना सहज म्हटले की, "दाजी, डब्याला दार मात्र मोठं असतं हं." मास्तरांनी त्यांस पाणी वाढिले, म्हणजे बोलणे संपले.

मग ते घडले. ग्रंथालयातून निवृत्त जाहलेल्या एक काकू मास्तरांच्या शागिर्द होत्या. पुस्तकांत हयात गेली, चाकास हात लावण्याची धास्ती. परंतु लेक दूर राहाते, तिच्या दारी आपल्या आपण जावे, हा त्यांचा हट्ट. मास्तरांनी महिनोन्महिने गोडीने त्यांची धास्ती उतरविली होती. त्या दिवशी काकूंनी चौकात ऐन मध्ये ब्रेकऐवजी दुसरेच काही दाबिले, मास्तरांनी शेजारून ब्रेक मारोन गाडी राखिली, आणि कंबर गेली. शाळेच्या दारी गाडी आली, परंतु मास्तरांस उतरता येईना. छताच्या कडेवर पंजा ठेविला, जोर केला, आणि परत बसले. शेवटी काकूंनी त्यांच्या दोन्ही काखांत हात घालोन त्यांस ओढोन काढिले.

"माझ्यामुळं झालं हे," ऐसे काकू बोलिल्या. "मास्तर, मी उद्यापासून नाही येत. राहू दे. बसनं जाईन लेकीकडं."

मास्तर दारास धरोन उभे होते. ते बोलिले, "काकू, उद्या सुट्टी. परवा यायचं. वेळेवर." आणि आत जाऊन रहदारीच्या तक्त्यापुढे उभे राहिले, परंतु त्या वेळी फार उभे राहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी फौज पुन्हा निघाली, कोठे निघाली हे कोणी विचारिले नाही. दुकानामागील अंगणात डबा उभा होता, उंच, चौकोनी, जैसा निंदिला तैसाच. मास्तर सरळ शेजारच्या दाराशी गेले. दार उघडिले. बैठक कंबरेच्या उंचीस होती. उतरावे लागले नाही, चढावे लागले नाही, नुसते मागे टेकोन पाय आत घेतले. बाईसाहेबांनी खटका ओढोन बैठक दोन बोटे वर केली, पाठीमागे हात सरकवोन पोकळी पाहिली, आणि मान हालविली. मग त्या चालकाच्या बैठकीत जाऊन बसल्या.

"किती वेळ?" त्यांनी विचारिले.

"एक पूर्ण धडा," मास्तर बोलिले.

मग बाईसाहेबांनी पूर्ण धडा चालविला. चौक घेतला, चढ घेतला, चढावर थांबविली, उलटी घेतली. मास्तर बोलत होते, "आरसा. गियर. हं, आता वळव," आणि हळू बोलत होते. लग्नानंतर जो धडा दुसऱ्या वळणावर तुटला होता तो या दिवशी पुरा जाहला, हे दोघांसही उमगले. बंधू मागे बसोन, कोण जाणे कैसे, गप्प राहिले.

गाडी अंगणात परत येऊन थांबली. मास्तरांनी दार उघडिले, पाय खाली ठेविले, आणि उभे राहिले. सरळ उभे राहिले. मग त्यांचा हात सवयीने छताच्या कडेकडे गेला, आणि तेथे काही काम नाही ऐसे पाहोन अधांतरी थांबला, आणि खाली आला. विक्रेता, बंधू व बाईसाहेब ओळीने उभे होते.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. प्रतिज्ञा पडली, कंबर राहिली, आणि शाळा राहिली. त्या समयी मास्तरांनी एकवार घसा साफ केला, पलीकडच्या चौकाच्या दिशेस पाहिले, आणि सर्वांसमक्ष जे शब्द उच्चारिले ते अक्षराचा फेर न करता येथे दाखल केले असत:

"डबाच घेऊ."