टोकेकरांच्या सुनेला झालेला आनंद

“सांगते तुम्हाला, नवी सून एकटीच काहीतरी खाते.”

बाळांनो, हे वाक्य जिच्याबद्दल होतं, तिनं ते ऐकायचं नव्हतं. पण बिळाच्या भिंती मातीच्या. आणि नव्या सुनेला काम काय, तर सगळं ऐकायचं आणि काही बोलायचं नाही.

हे कुठं घडलं, ते विचारू नका. एका जंगलात घडलं, एवढं सांगितलं की कुणाला राग येत नाही. त्या जंगलात टोकेकर नावाच्या साळिंदरांचं मोठं बीळ होतं. अंगभर काटे, आणि घराण्याचा अभिमान त्याहून टोकदार. सासरे अण्णा, सासूबाई माई, मुलगा बाणेश आणि नुकतीच लग्न होऊन आलेली अणिमा.

अणिमा बोलायची नाही. काही विचारलं तर मान हलवायची. हो असेल तर खाली-वर, नाही असेल तर आडवी. माईंना ते फार आवडायचं.

पण दुपारी बीळ निजलं की तिच्या खोलीतून आवाज यायचा. खुळखुळ. मग जरा शांतता. मग पुन्हा खुळखुळखुळ. मधूनच एक “अहाहा.”

“भाजलेले चिंचोके असणार,” माई म्हणाल्या. “माहेराहून आणलेले. आणि काय चवीनं खाते हो! बाणेश, तुला रे ऐकू येत नाही?”

“येतं ना,” बाणेश म्हणाला. “मला वाटायचं, मीच घोरतोय.”

माईंनी केर काढायच्या निमित्तानं कोपरे पाहिले. साल नाही, टरफल नाही. सुनेकडे निरखून पाहिलं. अंग वाढलेलं नाही, पण चेहऱ्यावर तेज आहे.

“म्हणजे तुपातलं काहीतरी आहे,” माई म्हणाल्या.

शेवटी एका दुपारी तिघंही पाय न वाजवता गेले आणि धाडकन खोलीत शिरले.

अणिमाच्या हातात चिंचोके नव्हते. ग्रंथ होता. आणि तोही त्यांच्याच घरचा, कूर्मविलास!

बाळांनो, कूर्मविलास हा त्या जंगलातला सगळ्यांत थोर ग्रंथ. इतका थोर, की तो कुणी वाचत नसे. टोकेकरांच्या देव्हाऱ्यात तो लाल फडक्यात बांधलेला असे. त्याला रोज ताजं फूल. पाहुणे आले की अण्णा तो लांबूनच दाखवत, त्याची पहिली ओळ म्हणत आणि डोळे मिटत. मग पाहुणेही मिटत. दुसरी ओळ कुणी विचारली नव्हती. तेवढे संस्कार सगळ्यांवर होते.

लग्नाच्या बैठकीत अण्णा म्हणाले होते, “आमच्याकडे कूर्मविलास आहे. मूळ प्रत.” तेव्हाच अणिमानं मान खाली-वर हलवली होती. मुलगा बरा होता. ग्रंथ फारच छान होता.

“परीक्षा आहे का तुझी?” अण्णांनी विचारलं.

मान आडवी.

“मग नवस? पारायण?” माईंनी आशेनं विचारलं.

मान आडवी.

“कुठं भाषण ठोकायचंय?” बाणेशनं विचारलं.

आडवी.

“अगं, मग उघडलास कशाला?”

अणिमाचं लक्ष पुन्हा पानावर गेलं होतं. तिथं एक कासव राजपुत्र स्वयंवराला निघाला होता. आपल्याला उशीर होणार हे ओळखून त्यानं गोगलगायीला तातडीचा निरोप देऊन पुढं धाडलं होतं. आणि आता, पुष्कळ पानं उलटल्यावर, तो स्वतःच तिच्या पुढं निघून गेला होता.

अणिमाला राहवेना. तिच्या पाठीवरचे सगळे काटे थरथरले. खुळखुळखुळ!

“हसतेय!” माई किंचाळल्या. “देव्हाऱ्यातल्या ग्रंथाला हसतेय! अहो, यापेक्षा चिंचोके परवडले असते!”

लगेच वैद्य करकोचे यांना बोलावणं गेलं. हे पूर्वी शाळा तपासत. आता नाड्या तपासतात. ते एका पायावर उभे राहिले आणि त्यांनी चष्मा चोचीवर सरकवला.

“वाचताना तहानभूक लागते?”

आडवी.

“दोन पानं झाली की थांबावंसं वाटतं?”

आडवी.

“पुढचं वाचावंसं वाटतं?”

मान खाली-वर, इतकी जोरात की पलंग हलला.

वैद्यबुवांनी चष्मा काढला. “हिला आनंद झालाय.”

“अगंबाई!” माई मटकन बसल्या. “आमच्या घरात कुणालाच नाही हो!”

“ग्रंथ कुलपात टाकू का?” अण्णांनी विचारलं.

“छे छे! भलतंच! लपवलात तर आजार बळावेल. वाचू द्या. खुशाल वाचू द्या. फक्त प्रकरण संपलं रे संपलं, की प्रश्न विचारा. गाळलेल्या जागा भरा. जोड्या लावा. कोण कोणास म्हणाले. राजपुत्राचं स्वभावचित्र दहा ओळींत. आणि सरतेशेवटी, या ग्रंथातून तुम्ही काय शिकलात. थोड्याच दिवसांत नुसतं लाल फडकं दिसलं तरी जांभई येईल.”

“नक्की गुण येईल ना?”

“अहो, जंगलातल्या प्रत्येक पिल्लाला आम्ही हेच दिलंय,” वैद्यबुवा अभिमानानं म्हणाले. “एकानंही पुन्हा पुस्तकाला हात लावलेला नाही.”

औषध सुरू झालं. पहिले प्रश्न वैद्यबुवांनीच शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिकेतून उतरवून दिले होते.

“सांग बरं,” अण्णा म्हणाले, “‘थांब, मी आलोच!’ हे वाक्य कोण, कोणास, केव्हा म्हणाले?”

हे वाक्य कासवानं राजकन्येला उद्देशून, घराच्या उंबऱ्यावरून म्हटलेलं होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अणिमा हसून हसून भिंतीला टोचली होती. आता तिनं पाटीवर तीन ओळी लिहिल्या आणि खाली रेघ मारली.

“गोगलगायीला उशीर का झाला? दोन कारणे द्या.”

तिनं दोन कारणं दिली. एकही काटा हलला नाही.

आणि बाळांनो, तेव्हा अणिमा घाबरली. कारण शेवटचं प्रकरणच तेवढं राहिलं होतं. कासवाला मंडपाचे दिवे लांबून दिसू लागले होते. राजकन्या अजून थांबली असेल का? की हार सुकून गेला असेल? हे तिला कळायलाच हवं होतं. पण असं पाटी हातात घेऊन नव्हे. अशानं कासव पोचलं असतं आणि तिच्या हाती फक्त एका गुणाचं उत्तर उरलं असतं.

तिनं पुढं वाचणंच थांबवलं. ग्रंथ मिटून देव्हाऱ्यात ठेवला आणि निमूटपणे कंद सोलायला बसली.

“येतोय हो, गुण येतोय!” माईंनी शेजारी सांगितलं.

पण औषध मध्येच सोडायचं नसतं. पुढचे प्रश्न तयार हवेत. वैद्यबुवांनी दिलेले संपले होते, आणि अण्णांना पाठ होती ती एकच ओळ. म्हणून नाइलाजानं, घराण्यात पहिल्यांदाच, अण्णांनी दुसरी ओळ वाचली. मग तिसरी.

दुपारी माईंना जाग आली. खुळखुळ. आवाज अण्णांच्या बैठकीतून येत होता.

“काय चाललंय?”

“प्रश्न काढतोय,” अण्णा डोळे पुसत म्हणाले.

“मग हसताय कशाला?”

“प्रश्न अवघड आहे गं.”

“द्या इकडे. तुमच्यानं व्हायचं नाही,” असं म्हणून माईंनी ग्रंथ चुलीपाशी नेला. त्या दिवशी कंद करपले. दुसऱ्या दिवशीही करपले. चुलीमागून “बाई बाई बाई!” असा आवाज येत राहिला. मग बाणेश करपलं का ते बघायला गेला, तो परत आलाच नाही. त्याच्यामागून अण्णा गेले. एका ग्रंथाभोवती तीन साळिंदरं दाटीनं बसली की काय होतं, ते तुम्हीच मनात आणा.

“आई गं! बाबा, काटे आवरा!”

“तू पान उलट आधी!”

“थांबा, माझं व्हायचंय!”

वैद्यबुवा तपासायला आले. अणिमाचे काटे आडवे होते आणि ती शांत कंद सोलत होती. “उत्तम! खडखडीत बरी झाली,” ते म्हणाले. “प्रश्न कसे काढलेत तेवढं पाहू द्या.” ते तिघांच्या डोक्यांवरून वाकले. वाचू लागले. थोड्या वेळानं त्यांची लांब चोच वाजू लागली. टकटकटकटक! त्यांचा दुसरा पायही जमिनीवर आला. हे त्यांच्या आयुष्यात पूर्वी झालं नव्हतं.

अणिमाला दारातून सगळं दिसत होतं. ग्रंथाची पानं डावीकडे वाढत होती, उजवीकडे सरत होती. तिचं प्रकरण ती चौघं वाचत होती. तिला एकदा वाटलं, मागावा. पण सासूच्या हातातून ग्रंथ कसा मागतात, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पाटी चुलीत गेली होती. प्रश्नांचं नाव कुणी काढत नव्हतं.

मग चुलीपाशी एकदम शांतता झाली. शेवटचं पान उलटलं. आणि माई उठल्या. डोळ्यांत पाणी, पाठीवरचे काटे ताठ, ग्रंथ छातीशी. त्या थेट अणिमाकडे धावत आल्या. मागं अण्णा, त्यांच्या मागं बाणेश आणि सगळ्यांत मागं दोन्ही पायांवर वैद्यबुवा.

“अणिमे! अगं अणिमे! तुला सांगते, तो कासव गं, मंडपात शिरतो आणि बघतो तर राजकन्या—”

“आई, शेवट सांगितलात तर मी आत्ताच्या आत्ता माहेरी निघून जाईन!”

तात्पर्य : थोर ग्रंथ घरात अवश्य असावेत. ते लाल फडक्यात बांधावेत, त्यांना रोज फूल वाहावं आणि लेकरांना त्यांच्यावर भरपूर प्रश्न विचारावेत. मात्र प्रश्न काढण्यासाठी ग्रंथ कदापि उघडू नये. मागच्या वर्षीचेच द्यावेत.