पत्रिकेच्या पाठीवरचं पत्र

"पत्र काय, च्या निवायच्या आत लिवून टाकतो!" गेणभाऊ म्हणाले. त्या चहावर साय धरली तरी मायन्यापुढं एक ओळ सरकली नव्हती.

निरगुडसरात कुणाचाही अर्ज गेणभाऊ उभ्या उभ्या लिहून देत. पण हे पत्र बायकोला होतं. दिवाळीत त्यांनी शीलाला दारातली रांगोळी तीनदा पुसायला लावली. चौथ्यांदा तिनं पिशवी भरली आणि येडगावला माहेर गाठलं. "सवता लिवून बोलवा, मग यीन," एवढंच बोलली. तेव्हा तिकडं घरी फोन नव्हता. दोन महिन्यांत गेणभाऊंना घर खायला उठलं होतं. रोज ताटावर बसून ते तिलाच मीठ मागायचे.

पुतण्या जानकूचं लग्न आठवड्यावर आलं होतं. उरलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर गेणभाऊ कच्चं लिहीत आणि खोडत. बांगड्या विकायला येडगावला निघालेला दिलावर मण्यार पत्रासाठी ओट्यावर खोळंबला होता.

"भाऊ, द्या आता. एसटी जाईल."

"थांब, एक शब्द बदलतो."

असे सात शब्द बदलले. मग पक्कं लिहायला चांगला कागद आणायला ते आत गेले, आणि दिलावर समोरची पत्रिकाच उचलून चालता झाला.

दुसऱ्या दिवशी दारात ट्रॅक्टर थांबला. सासूबाई झुंबरबाई पुढं, मागं त्यांची भावकी.

"जावईबापू, घरच्या लग्नाची पत्रिका मण्याराहाती धाडता? ना कुंकू, ना अक्षत. आमी परकं हाय का?"

"मामी, ते आमंत्रण न्हाई."

"म्हंजी बोलवलंच न्हाई?"

तेवढ्यात ट्रॉलीतून शीला उतरली. तिच्या हातात तीच पत्रिका होती, उलटी धरलेली.

"आईनं पुढची बाजू वाचली, मी मागची. 'म्हैस तुझ्या हाकेशिवाय पान्हा सोडत नाही. मी पण...' पुढं नुसती खोडाखोड. काय ते?"

गेणभाऊंचा हात खिशातल्या पेन्सिलीकडं गेला. तिनं ती काढून घेतली.

"तोंडानं सांगा. आन खोडायचं न्हाई."

दोन महिने मनात जुळवलेलं सगळं एकदम आठवलं. त्यातलं एक वाक्य धड नव्हतं.

"मी पन त्या म्हशीवानीच," ते बोलून गेले.

भावकी खो खो हसली. शीलाचे मात्र डोळे भरले. पिशवी ओट्यावर टाकून ती तडक गोठ्यात शिरली.

गोठ्यातून तिची हाक आली, म्हशीला मारलेली. ओ मात्र गेणभाऊंनी दिली.