रिकाम्या चौकटींचा संपादक

दारव्ह्याच्या श्रावणभाऊंचे उपकार माझ्यावर सगळ्यांत जास्त, आणि त्यांच्या साप्ताहिकात फोटोंपेक्षा रिकाम्या चौकटी जास्त.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आज नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक आहे. कॉलेजात असताना लिहिलेली माझी पहिली बातमी भाऊंनी छापली आणि खाली माझं पूर्ण नाव टाकलं. बाबांनी तो अंक अख्ख्या वस्तीत फिरवला.

फोटोच्या बाबतीतही भाऊंचा तोच हट्ट. ज्यानं काढला त्याला विचारल्याशिवाय छापायचा नाही. माणूस सापडला नाही, तर फोटोच्या जागी चौकट. आत लिहिलेलं: 'फोटो आहे. काढणाऱ्याची परवानगी नाही.'

कंप्युटरवर पानं लावणारा गजू वैतागायचा. "भाऊ, कॉपीराइट-गिपीराइट मोठ्यायचं असते. नेटवरून घेऊन टाका नं! आपला पेपर पाह्यते कोन?"

"ज्याचा फोटो हाय, थो पाह्यते नं बे!"

एकदा राळेगावच्या शिवारात वाघ आल्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरला. इतर पेपरांनी लगेच छापला. बायका कापूस वेचायला जाईनात. भाऊ मात्र फोन लावत बसले. "तुले कोनं पाठोला? त्याचा नंबर दे." शाळेच्या शिपायाकडून मास्तर, मास्तरांकडून त्यांचा मेहुणा, मेहुण्याकडून मध्य प्रदेशातल्या बैतूलचा ट्रक ड्रायव्हर, असं करत ते थेट फोटो काढणाऱ्यापर्यंत पोचले.

"भाईसाब, ये तो हमारे यहाँ का शेर है," तो म्हणाला. "पुराना फोटो है. छाप लो."

परवानगी मिळाली, म्हणून भाऊंनी छापला. त्याच्या नावासकट. वर मथळा: 'हा वाघ आपला नाही.' बायका पुन्हा शेतात गेल्या. वाघ मीच हाकलल्यासारखा मी ऐटीत फिरलो.

मागच्या वर्षी काकू, म्हणजे भाऊंच्या पत्नी, गेल्या. भाऊंना मूलबाळ नाही. घरात काकूंचा एकच फोटो, लग्नानंतर स्टुडिओत काढलेला. मागचा स्टुडिओचा शिक्का पुसलेला, आणि इतक्या वर्षांनी भाऊंनाही नाव आठवेना. श्रद्धांजलीच्या पानावर काकूंच्या नावाखाली रिकामी चौकट आली.

गजू रडकुंडीला आला. "भाऊ, बायको तुमची हाय नं!"

"बायको माही. फोटो ज्यानं काढला त्याचा."

तेव्हापासून ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला ते विचारायचे, "मांगं धबधब्याचा पडदा कोन्या स्टुडिओत होता गा?" कोणालाच आठवेना. पहिला स्मृतिदिन जवळ आला, तेव्हा फोनवर मला म्हणाले, "साऱ्या गावाले पेपरात आनलं. तिलेच नाही आनू शकलो."

मी सुटी घेतली. काकूंच्या फोटोची प्रत घेऊन दारव्हा, यवतमाळ, राळेगाव असा फिरलो, आणि भाऊंना हे पत्र पाठवलं:

आदरणीय भाऊ,

जय भीम. फोटो काढणारे सापडले. स्टुडिओ बंद करून ते आता राळेगावला मुलीकडे राहतात. फोटो पाहताच म्हणाले, "पडदा माहाच हाय." छापायची परवानगी सही करून दिली, ती सोबत जोडली आहे. नाव टाकणार म्हटल्यावर त्यांनी मुलीला आतून बोलावून ते सांगितलं.

मग फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "इची नजर कॅमेऱ्यात नाही. नवी नवरी हसत नसली का, मी नवऱ्याले कॅमेऱ्याच्या बाजूले उभं करत होतो."

भाऊ, बाजूला तुम्ही उभे होता ना?

तुमचा,
विलास