हिंगणवाडीच्या काटकोनांची मुदत

हिंगणवाडीतल्या काटकोनांची मुदत दर वर्षी तीस जूनला संध्याकाळी पाच वाजता संपते. त्याआधी सातवीच्या सगळ्या मुलांना पायथागोरसचा सिद्धांत मनापासून पटला, तर ती वर्षभर वाढवून मिळते. एकाला जरी पटला नाही, तरी दारं चौकटीत बसत नाहीत आणि फळीवरचं दूध उतू न जाताच सांडतं.

यंदा पटावर सतरा मुलं होती. तालुक्याहून आलेल्या शिंगारेबाईंनी मुदतवाढीचा शिक्का टेबलावर ठेवला. मुलांनी काटकोन त्रिकोणाच्या दोन लहान बाजूंवर लाकडी ठोकळे मांडले, नऊ आणि सोळा. मग तेच उचलून लांब बाजूवर पंचवीसचा चौरस भरला. सोळा जण म्हणाले, पटलं.

सतरावी मयूरी म्हणाली, "नाही पटलं."

एकनाथ सुतार खिडकीपाशी उभा होता. ठोकळे त्यानेच कापले होते आणि मयूरी त्याचीच मुलगी. उद्या त्याला गावच्या दवाखान्याची आठ दारं बसवायची होती.

"का गं?" बाईंनी विचारलं.

"हा एकच त्रिकोण झाला, बाई. बाकीच्यांचं काय?"

"शंका नियमात बसते," म्हणत बाईंनी ती लिहून घेतली.

मुख्याध्यापक बिराजदार एकनाथच्या कानाशी आले. "तुम्ही सांगा तिला. नुसतं हो म्हण म्हणावं."

"नुसतं म्हटल्यानं चालतं का, सर?"

"नाही चालत. मागं एकानं म्हटलं होतं. वर्षभर मी खुर्चीवरून घसरत होतो."

साडेचार झाले होते. काटकोन आहेत तोवरच कापायला हवं, म्हणून एकनाथने सायकल काढली. पाचवीत शाळा सुटल्यापासून तो उरलेले तुकडे पेटीत हलवून हलवून बसवत आला होता. रिकाम्या जागेची त्याला चांगली ओळख होती. त्याने प्लायचे चार त्रिकोण कापले, माप न घेता, पण चारही सारखे. दोन्ही लहान बाजू जोडून होईल तेवढ्या बाजूची चौरस चौकट ठोकली आणि सगळं आणून मयूरीपुढे ठेवलं. "माप घेतलेलं नाही," एवढंच तो म्हणाला.

तिने चार कोपऱ्यांत चार त्रिकोण लावले. मधे तिरका चौरस रिकामा राहिला, लांब बाजूचा. मग त्रिकोण सरकवून तिने दोन-दोनच्या जोड्या केल्या. आता दोन चौरस रिकामे राहिले, लहान बाजूंचे. तिने त्यांवर तळवा फिरवला.

"चौकट तीच, त्रिकोण तेच. म्हणजे रिकामी जागाही तेवढीच. आणि बाबांनी माप घेतलंच नाही, म्हणजे कुठलाही काटकोन त्रिकोण चालेल." ती थांबली. "पटलं."

पाचाला दोन मिनिटं होती. बाईंनी शिक्का उचलला.

"बाबा, तुम्हाला पटलं का?"

"पालकांचं लागत नाही," बिराजदार म्हणाले.

"लागत नाही," शिक्का तसाच हातात धरून बाई म्हणाल्या, "पण तिनं विचारलंय."

असं एकनाथला आजवर कुणी विचारलं नव्हतं. खाली बघत तो म्हणाला, "परत दाखव. सावकाश."

मयूरीने त्रिकोण पुन्हा कोपऱ्यांत नेले. पाच वाजले. वर्गाचं दार कललं, फळ्याखालचा खडू एका बाजूला घरंगळला. सोळा मुलांनी चौकटीचे चारही कोपरे घट्ट धरून ठेवले.

"पटलं," एकनाथ म्हणाला.

बाईंनी शिक्का मारला आणि शेरा लिहिला: मुदतवाढ मंजूर. विलंब सहा मिनिटे. कारण, पालक शिकत होते.