मुकादम सरांचा गवई

ऑक्टोबरच्या कडक उन्हात पळस्पे फाट्यापलीकडच्या झुडपांत कुणी छत्री उलटी धरून फांदीवर काठी मारत असेल, तर ते आमचे मुकादम सर. एका रिक्षावाल्याने काळजीने सांगितलं, "चाचा, छत्री उलटी झालीय." सर म्हणाले, "सुलट्या छत्रीत काय पडणार, जनाब?"

छत्रीत पडतात किडे. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. आमच्या गव्हाण गावच्या घरातला पहिला बी.एस्सी. मी, आणि झालो तो सरांमुळे. हे मी कुणी न विचारताही सांगतो. आता खांदा कॉलनीत ते आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. मुलगा कतारला.

गेल्या वर्षी छत्रीत झाडावरचा एक रातकिडा पडला. फिकट हिरवा, काचेसारखे पंख. सरांनी तो बरणीत ठेवला. संध्याकाळी तो गायला आणि सर बरणीला कान लावून बसले. अशी तान त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. "नवी जात आहे," ते म्हणाले.

पण सिद्ध करायचं तर पंखावरचे, आवाज काढणारे बारीक दाते सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात आणि किडा संग्रहालयात ठेवावा लागतो. म्हणजे मारावा लागतो. मुंबईच्या तज्ज्ञ बाई फोन करत, सर, लवकर पाठवा, दुसरं कुणी आधी छापलं तर नाव त्यांचं लागेल. सरांचं उत्तर ठरलेलं. "अजून गातोय. घाई कसली, जनाब?" बाईंनाही जनाबच.

मग अख्खी बिल्डिंग त्याच्या मरणाची वाट बघू लागली. जिन्यात लोक दवाखान्यातल्या पेशंटसारखी चौकशी करत. सर सांगत, काकडी खाल्ली थोडी. त्याच्या गाण्याच्या वेळी कुणी कुकर लावला, की सर त्या दारात जाऊन नुसते उभे राहत. गॅस बंद होई.

सरांच्या किडे पाळण्याला माझी आई हसायची. "येवरं शिकून किरंच पालायचं व्हतं?"

जात नवीच निघाली, सरांच्या नावाने छापूनही आली. पण ते नंतर. एका संध्याकाळी वरून आवाज आला नाही म्हणून मी गेलो. सर दिवा न लावता बरणीसमोर बसले होते. बाईंना फोन करू का, मी विचारलं. "उद्या," सर म्हणाले.

खाली येऊन सांगितलं, तर आई उठली आणि बेसन कालवायला लागली. मी म्हटलं, अगं, किडा गेलाय.

"मास्तरांच्या घरातला गेलाय," ती म्हणाली. "चूल पेटली नसंल."

माणूस गेलेल्या घरी शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा, एवढंच तिला ठाऊक.

सरांनी ताट पाहिलं, आईकडे पाहिलं. मला वाटलं, हसतील. त्यांनी हात धुतले आणि जेवले. मग म्हणाले, "संध्याकाळी घरात कुणीतरी बोलत असायचं, ताई."

आता दिवेलागणीला आई वर जाऊन बसते. तिच्या गव्हाणच्या गोष्टी संपत नाहीत. मध्येच कुणाच्या कुकरची शिट्टी झाली तर ती थांबते. सर शिट्टी पुरी होऊ देतात आणि म्हणतात, "हां, मग?"