हिरव्याची खात्री

हिरवा रंग आपल्याला हमखास ओळखता येतो, याबद्दल मास्तरांच्या मनात तिळभर शंका नव्हती. बाकीच्या रंगांचं सोडा. तपकिरी, मातकट, तांबूस ही त्यांना एकाच आईची लेकरं वाटायची. पण हिरव्याचा पुरावा कपाटात होता. लग्नानंतर एकट्यानं दुकानात जाऊन, कोणालाही न विचारता बायकोसाठी आणलेली हिरवी शाल. ती बघून बायको खूप हसली होती, आणि पुढं जन्मभर तीच पांघरत राहिली.

रंग न कळणारा शिंपी म्हणजे चोच नसलेला सुतारपक्षी असं कोणी म्हटलं नाही, कारण कोणाला ते ठाऊकच नव्हतं. बायको मशीनशेजारी स्टुलावर बसून रिळं हातात द्यायची. गिऱ्हाईक रंगाबद्दल बोलू लागलं की मास्तरांच्या आधी तिचंच उत्तर तयार. लोक म्हणायचे, बाई फार पुढंपुढं करते. तिनं ते मुकाट ऐकून घेतलं.

ती गेली आणि स्टूल रिकामं झालं. मुलगा म्हणू लागला, बाबा, दुकान विका आणि माझ्याकडे चला. मास्तर म्हणाले, एवढं सिनेमाचं काम करू दे. बिघडलं, तर तू म्हणशील ते.

सिनेमा युद्धाचा होता. भाडोत्री सैनिक येऊन एका हुकूमशहाला उलथून टाकतात. भाडोत्री सैनिकांना हिरवे गणवेश, वाड्याच्या पहारेकऱ्यांना तपकिरी. भाडोत्री म्हणून बाजारातले दांडगे हमाल घेतले होते. पहारेकऱ्यांना नुसतं घाबरून पळायचं होतं, म्हणून तिथं किडकिडीत म्हातारे चालले.

कापडाचे दोन तागे आले. मास्तरांना त्यांत फरक दिसला तो एवढाच, की एक जरा गडद होता. त्यांनी शाल काढली, दारातल्या उजेडात दोन्ही ताग्यांशी लावून पाहिली, आणि जो जुळला त्याचे हमालांच्या मापाचे गणवेश शिवले, उरलेल्याचे म्हाताऱ्यांच्या. सफाई अशी, की बायको असती तर बोट फिरवून बघत बसली असती.

चित्रीकरणाच्या दिवशी कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंना दांडगे हमाल तपकिरी दिसले. पण दिग्दर्शक रोज बेत बदलायचा. आजही बदलला असेल म्हणून त्या गप्प बसल्या. आणि गर्दीतल्या माणसांना गोष्ट कोणी सांगत नाही. त्यांना रंगावरूनच हाकतात.

"हिरवे, भिंतीवर चढा!" लांबच्या मचाणावरून कर्णा कडाडला.

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं मागून जिना आहे का, अशी चौकशी केली. मग बिचारे दोरांना लटकले. एक अर्ध्यावर अडकला आणि तिथूनच विचारू लागला, की खाली उतरायलाही हुकूम लागतो का. तपकिऱ्यांना पळण्याचा हुकूम झाला, तेव्हा ते बैलासारखे हमाल जीव खाऊन पळाले, ते थेट लाकडी फळ्यांच्या भिंतीतून आरपार. भिंत कोसळली ती पलीकडे उभ्या असलेल्या हुकूमशहावर. राजवट खरोखरच उलथली, आणि हुकूमशहा झालेल्या नटाचा हात मोडला.

त्याला गाडीत घालून नेईपर्यंत कोणी हसलं नाही. मग दिग्दर्शकानं एक गणवेश मास्तरांसमोर धरला.

"मास्तर, हा हिरवा आहे?"

"आहे तर. घरच्या शालीशी जुळवून पाहिलाय."

बापाचा डबा घेऊन आलेला मुलगा मागंच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, तेवढा मात्र मास्तरांना दिसला.

काम गेलं. बोललेला शब्द पाळायचा, म्हणून संध्याकाळी दोघं कपाट रिकामं करायला बसले. शाल वर आली तसा मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, ही तपकिरी आहे."

"तुझी आई हिरवी म्हणायची हिला."

"तुमच्यासमोर. मलाही तसंच म्हणायला लावायची. मला वाटायचं, तुमची दोघांची काहीतरी थट्टा आहे."

मास्तर शालीची घडी घालत राहिले. ती पुन्हा पुन्हा मोडत होती.

"तिला तपकिरी रंग आवडायचा?"

"अजिबात नाही."

जगातला प्रत्येक रंग तिनं त्यांना सांगितला होता. हा एवढा सोडून.

मास्तरांनी अंगातला स्वेटर चिमटीत धरला. शालीच्या दुसऱ्या वर्षी तिनं विणलेला. दुकानात, बाजारात, आज चित्रीकरणालाही तोच.

"हा तर राखाडी आहे ना रे? ती राखाडी म्हणायची."

मुलानं त्या गुलाबी स्वेटरकडे पाहिलं. मग बापाकडे.

"राखाडीच आहे," तो म्हणाला.