शेततळ्यातली सोयरीक

तोताराम आबांनी आजवर एकसष्ट लग्नं जुळवली होती. वरणगावपासून दोंडाईचापर्यंत त्यांनी जुळवलेले जावई नांदत होते आणि त्यातली एकही नवरी मांडवातून पळाली नव्हती, हे ते कुणालाही, न विचारता, सांगत. त्यामुळे मत्स्य खात्याचे साहेब जेव्हा म्हणाले, "आबा, तुमच्या नव्या शेततळ्यात रोहूची मादी आणि कटल्याचा नर यांचा संकर करून पाहू. रोहूची चव, कटल्याची वाढ," तेव्हा आबांनी मिशीवरून हात फिरवला.

"म्हंजे सोयरीकच ना? आना पोरीले."

"पण उद्या सकाळी अंडी दिसली तरच खात्याचं मत्स्यबीज केंद्र इथं. नाहीतर जीवरामच्या तळ्यात."

शेजारचा तळेवाला जीवराम आबांच्या केळीच्या बागेवरून गावभर सांगत होता, "केयीवाल्याच्या तळ्यात मासा लाजंन!" म्हणून तर आबा इरेला पेटले होते.

संध्याकाळी साहेबांनी जोडीला अंडी घालण्यासाठीची सुई टोचली. टोचल्या जागी आबांनी सवयीनं हळद लावली आणि चार बांबूंना बांधलेल्या जाळीत दोघांना सोडलं. रिकाम्या तळ्यात तेवढेच दोन मासे. साहेब गेले. आबांच्या पत्नी सुनंदाबाई मात्र काठावरून बघतच होत्या.

"हळद लावली? अन् मले सांगलं बी नही?"

"औषध होतं ते!"

"चार बांबू, हळद, नवरा, नवरी. आता ऱ्हायलं काय?"

अर्ध्या तासात शेजारची कमलबाई आठ बायका घेऊन हजर. बांबूंना आंब्याचे डहाळे बांधले, हळदीची गाणी सुरू झाली.

"अव, मासे बावरतीन!" आबा ओरडले.

"नवरी बावरतेच, आबा. आमी मासे खात नही, पन वऱ्हाडी त होऊ शकतो," असं म्हणत कमलबाईनं नवरीचं तोंड बघायला जाळीची एक गाठ सोडली आणि मूठभर अक्षता टाकल्या.

फटकन शेपटी वाजली. मग दुसरी. जाळी रिकामी.

"गेली?" आबांनी जाळीत हात घालून चाचपलं.

"दोघं संगंच गेले," कमलबाई हळूच म्हणाली.

आबा न जेवताच झोपले. सकाळी वीज आली, मोटर लावली, तर केळीला पाणी जाईना. आबांनी तळ्यात सोडलेला मोटरचा पाइप ओढून काढला. त्याच्या तोंडाला बांधलेली जाळी भिजल्या साबुदाण्यासारख्या दाण्यांनी गच्च भरली होती.

"पहा, तुमच्या अक्षता फुगल्या! लगन मोडलं, आता केयी बी वाया घाला!"

"तांदूय असा गोल फुगते का कुढी?" म्हणत सुनंदाबाईंनी सगळं बादलीत खरवडलं आणि त्या कोंबड्यांकडे निघाल्या.

तेवढ्यात साहेब आले. मागं जीवराम, हसत. साहेबांनी रिकामी जाळी पाहिली, डहाळे पाहिले, मान हलवली. मग नजर बादलीत गेली.

"थांबा बाई! अहो, ही अंडी आहेत! बघा, आत हलतंय. पाइपाला एवढी, तर तळ्यात किती असतील? आबा, केंद्र इथंच! पण जोडी बाहेर कशी गेली?"

आबांनी मान खाली घातली. "पयून गेले, साहेब." मग जीवरामकडं बघून ताठ झाले. "पन अक्षता पडल्यावर!"

त्या दिवसापासून आबा बासष्ट लग्नं सांगतात. नवऱ्या पळाल्याचा विषय मात्र काढत नाहीत.